डॅनिश-हंगेरियन दुभाषी हवाय, तोही साहित्य-कलेसाठी? मग असा शोधा

गूगलवर सर्च मारलात तर एजन्सी ढिगाने सापडतील, सगळ्यांकडे म्हणे सगळ्या भाषा आहेत, पण त्यांनी पाठवलेला माणूस बहुतेक वेळा कोर्ट नाहीतर बिझनेस मीटिंगवाला असतो. कामात चोख असेल हो, पण समोर कवी बोलायला लागला की त्याची गाडी अडते.

ही जोडीच मुळात दुर्मिळ, त्यामुळे उलटीकडून जा आणि आधी साहित्याचे अनुवादक गाठा. एका भाषेतून दुसरीत थेट आलेली पुस्तकं काढा, आतल्या पानावर अनुवादकाचं नाव असतंच, प्रकाशकाला मेल टाका की निरोप पोचवा. बुडापेस्टच्या एल्टे विद्यापीठात स्कँडिनेव्हियन भाषांचा विभाग आहे, तिथेही विचारा. दोन्ही देशांत साहित्य-अनुवादकांच्या संघटना आहेत, त्यांनाही कळवून ठेवा.

आता खरी गोम. चांगला अनुवादक माईकसमोर चालेलच असं नाही, घरी एका ओळीवर दोन दिवस घालवणारा माणूस तो. म्हणून आधी व्हिडिओ कॉल करा, तुमच्या कार्यक्रमाला येणाऱ्या लेखकाच्या मुलाखतीची दोन मिनिटांची क्लिप लावा आणि लगेच सांगायला लावा. बायोडेटा वाचण्यापेक्षा हे बरं.

दिशा पण बघा, म्हणजे कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, इथे लोक हमखास फसतात. एआयआयसी ही कॉन्फरन्स दुभाष्यांची जागतिक संघटना, तिच्या डिरेक्टरीत भाषांपुढे ए, बी, सी असं लिहिलेलं असतं: ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे जिच्यात तो बोलूनही देतो, सी म्हणजे फक्त समजते. समजा डॅनिश लेखिका बुडापेस्टला येतेय. हंगेरियन ए आणि डॅनिश सी असलेला माणूस तिचं भाषण मस्त सांगेल, पण प्रेक्षकातून कोणी हंगेरियनमध्ये प्रश्न विचारला की तो तिला डॅनिशमध्ये सांगणार कोण? गप्पांच्या कार्यक्रमाला म्हणून डॅनिश निदान बी तरी पाहिजेच.

तासाभराच्या स्टेजवरच्या गप्पांना, थांबून थांबून सांगायचं असेल तर, एक जण पुरतो. बूथमधून, म्हणजे बंद केबिनमधून, वक्ता बोलत असतानाच भाषांतर करायचं असेल तर दोघं लागतात, साधारण 20-30 मिनिटांनी आलटून पालटून, एकट्याकडून दिवसभर करून घेऊ नका.

वाचून दाखवायचा उतारा आधीच पाठवा, आयत्या वेळी नाही. हंगेरियनमध्ये तो-ती असा भेदच नाही, डॅनिशमध्ये मात्र करावा लागतो, मग अर्ध्या पानावरून पात्र बाई आहे का पुरुष हे बिचाऱ्याला कसं कळणार? छापील अनुवाद असेल तर परवानगी घेऊन तोच वाचा. प्रदर्शन असेल तर चित्रांची यादी, माध्यमं, तंत्रांची नावं, सगळं द्या.

पैशाचं आधीच लेखी ठरवा. डेन्मार्कात क्रोन, हंगेरीत फोरिंट, युरो दोन्हीकडे नाही, तेव्हा कुठल्या चलनात ते स्पष्ट लिहा, प्रवास आणि तयारीचे तासही त्यात धरा.

कोणीच नाही मिळालं तर इंग्रजीमार्गे करा, एक डॅनिश-इंग्रजीवाला, दुसरा इंग्रजी-हंगेरियनवाला. युरोपियन युनियनच्या बैठकांतही हा प्रकार चालतो. चर्चेला ठीक आहे, कवितेला नको, तिथे अनुवाद छापून वाटा किंवा पडद्यावर दाखवा.