बँडमधील कलाकारांचा विनोदी परिचय कसा लिहावा

बेळगावच्या गणेशोत्सवात वाजवणाऱ्या बँडमधील कलाकारांचा परिचय लिहिताना वाद्यापेक्षा त्यांच्या पोटापाण्याच्या धंद्यापासून सुरुवात करावी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर शिंकणारा गडी संध्याकाळी त्याच जोरात ट्रम्पेट फुंकतो, किंवा शहापूरच्या मागावर बसणारा विणकर ढोलावरही धोट्याचाच ठेका धरतो, असे एखादे नेमके दृश्य पुरेसे होते. थापा हव्या तेवढ्या माराव्यात, पण गाव आणि धंदा खरे ठेवावेत. खानापूरच्या एका क्लॅरिनेटवाल्याने मिरवणुकीआधी कुंदा खाल्ला आणि हात न धुतल्यामुळे वाद्याच्या चाव्याच चिकटल्या, हे मात्र मी स्वतः पाहिले आहे. जात, व्यंग आणि सीमावाद यांवर कोट्या करू नयेत. मजकूर आधी त्या कलाकारालाच वाचून दाखवावा. तो हसला नाही, तर ते वाक्य खोडावे.