लॅटिनो फ्रॅटर्निटीची शाखा कशी पारखावी आणि तिथे कसे रुजावे

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात पहिल्या सत्राचे पाच-सहा आठवडे उलटले, की वर्ग आणि वसतिगृह गजबजलेले असूनही आपले म्हणावे असे इथे कुणीच नाही, ही जाणीव पुष्कळ नव्या विद्यार्थ्यांना गाठते. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, घरांतून आलेल्या, आणि त्यातही कुटुंबात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलांना ती अधिक टोचते. घरी फोन केला तर आईवडील धीर देतात, पण एखादा विषय कोणत्या तारखेपर्यंत सोडता येतो, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन नेमके काय विचारायचे, आर्थिक मदतीच्या पत्रातल्या कोणत्या रकमा पुढे फेडाव्या लागणार आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसते. लॅटिनो फ्रॅटर्निटी, म्हणजे अशा विद्यार्थ्यांची विद्यापीठांत शाखा असलेली बंधुसंघटना, या गरजेला उत्तर देऊ शकते. तिथे आपलेपणा मिळतो आणि माणूस घडतो, असे मी मनापासून मानतो. मात्र ते घडेल की नाही, हे तुम्ही कोणत्या शाखेत जाता आणि तिथे कोणते काम अंगावर घेता यावर ठरते. एकाच नावाच्या दोन शाखांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून संघटनेच्या कीर्तीपेक्षा तुमच्या विद्यापीठातली शाखा पारखण्यावर वेळ खर्च करा.

आधी या परंपरेची थोडी ओळख असावी, कारण शाखेतली मंडळी तुमच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवतात. आज अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी लॅटिनो फ्रॅटर्निटी म्हणजे फाय आयोटा अल्फा. ती न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये १९३१ साली स्थापन झाली आणि १८९८ मध्ये तिथेच सुरू झालेल्या लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मंडळाशी आपले नाते सांगते. सिमोन बोलिव्हार, होसे दे सान मार्टिन, बर्नार्डो ओ’हिगिन्स, होसे मार्ती आणि बेनितो हुआरेस या लॅटिन अमेरिकेच्या इतिहासातल्या पाच नेत्यांना ती आपले आधारस्तंभ मानते. पुढे १९७५ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या कीन कॉलेजमध्ये लॅम्डा थीटा फाय ही फ्रॅटर्निटी आणि लॅम्डा थीटा अल्फा ही विद्यार्थिनींची सोरॉरिटी उभी राहिली. १९८० च्या दशकात तर जणू लाटच आली: १९८२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात लॅम्डा अप्सिलॉन लॅम्डा, १९८५ मध्ये ओहायो स्टेटमध्ये मुलामुलींना एकत्र सामावून घेणारी अल्फा साय लॅम्डा, १९८६ मध्ये आयोवा विद्यापीठात सिग्मा लॅम्डा बीटा, १९८७ मध्ये टेक्सास टेकमध्ये ओमेगा डेल्टा फाय आणि कॅलिफोर्नियातल्या चिको येथे गॅमा झीटा अल्फा. १९९८ पासून नाल्फो ही शिखर संघटना यांतल्या अनेकांना एकत्र आणते. एखादी संघटना कोणत्या शिखर संघटनेत आहे, यावरून तिच्या शाखेच्या दर्जाबद्दल फारसे काही कळत नाही.

अमेरिकी चित्रपटांतून डोळ्यांपुढे येणारी फ्रॅटर्निटी म्हणजे खांबांचा बंगला आणि त्यात राहणारे शंभरेक तरुण. लॅटिनो फ्रॅटर्निटीचे चित्र बहुधा याहून अगदी वेगळे असते. बहुतेक शाखांना स्वतःचे घर नसते आणि सक्रिय सदस्य कधी पंधरा-वीस, तर कधी पाच-सहाच असतात. पाहुण्याला हा उणेपणा वाटतो. मला तीच या शाखांची सर्वांत मोठी ताकद वाटते. सहा जणांच्या शाखेत अध्यक्ष, खजिनदार, सचिव, सेवाकार्याचा प्रमुख ही पदे कुणाला तरी घ्यावीच लागतात, त्यामुळे एकोणीस वर्षांचा लाजाळू मुलगाही दुसऱ्याच सत्रात विद्यार्थी परिषदेपुढे उभा राहून कार्यक्रमाचे अंदाजपत्रक मांडतो. सभेला एक जण आला नाही तर ते सर्वांच्या लक्षात येते. आपली वाट पाहिली जाते, हे कळायला त्याला आणखी कशाची गरज पडत नाही.

बाहेरून पाहताना

सत्राच्या सुरुवातीला शाखा माहितीसभा घेतात, आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या हिस्पॅनिक वारसा महिन्यात त्यांचे कार्यक्रम एकामागोमाग एक असतात. घाई न करता दोन-तीन शाखांच्या निरनिराळ्या कार्यक्रमांना जा. माहितीसभेत सदस्य एकाच रंगाच्या जॅकेटमध्ये भिंतीलगत उभे असतात, पडद्यावर स्थापनेचे साल आणि संस्थापकांची छायाचित्रे येतात, प्रत्येक जण आपली ओळख करून देतो. ते सगळे तयारीचे असते. खरी पाहणी सभा संपल्यावर करा. खुर्च्या कोण उचलतो, ज्येष्ठ सदस्य नव्याला हुकूम सोडतो की स्वतः टेबलाचे दुसरे टोक धरतो, कोपऱ्यात एकट्याच थांबलेल्या मुलाशी आपणहून बोलायला कुणी जाते का, हे दहा मिनिटांत दिसते आणि एरवी सांगून कळत नाही.

त्यानंतर सदस्यांना एकेकटे भेटा आणि थेट विचारा. गेल्या दोन वर्षांत किती जण आत आले आणि त्यांतले किती अजून सक्रिय आहेत? शाखेची सरासरी गुणपातळी किती आहे? अनेक विद्यापीठे ही आकडेवारी दर सत्राला स्वतःच जाहीर करतात, त्यामुळे मिळालेले उत्तर पडताळून पाहता येते. प्रवेशासाठीही बहुतेक संघटना किमान सरासरीची अट ठेवतात आणि अनेक ठिकाणी ती ४ पैकी २.५ च्या आसपास असते. तुमचे गुण त्याच्या काठावर असतील, तर एक सत्र थांबून अभ्यास सावरणेच शहाणपणाचे, कारण प्रवेशाचे आठवडे वेळ खातात. शाखा चांगली असेल तर ती तुम्हाला हेच सांगेल.

पैशांबाबत संकोच बाळगू नका. प्रवेशाच्या सत्रात खर्च सहसा जास्त असतो, कारण राष्ट्रीय संघटनेचे प्रवेशशुल्क, विम्याचा वाटा आणि स्थानिक वर्गणी एकदमच भरावी लागते. जॅकेट आणि प्रवासाचा खर्च वेगळा. सगळ्या रकमा लेखी मागा आणि हप्त्यांची सोय आहे का ते विचारा. रोखीने आणि पावतीशिवाय पैसे मागणाऱ्या शाखेपासून दूर राहा.

छळाबाबत

या विषयावर मोघम बोलून चालणार नाही. अमेरिकेत फ्रॅटर्निटीच्या प्रवेशविधीच्या नावाखाली विद्यार्थ्यांचे जीव गेले आहेत आणि लॅटिनो फ्रॅटर्निटीही त्याला अपवाद राहिलेल्या नाहीत. नव्या सदस्यांचा अपमान करणे, त्यांना मारहाण करणे, जबरदस्तीने दारू पाजणे, झोपू न देणे, थकून कोसळेपर्यंत व्यायाम करायला लावणे, या साऱ्याला हेझिंग म्हणतात आणि बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट हा संघीय कायदा झाला. त्याच्या व्याख्येत त्या विद्यार्थ्याची तयारी होती की नव्हती याला महत्त्व नाही, त्यामुळे ‘तो स्वखुशीने आला होता’ ही सबब तिथे टिकत नाही. याच कायद्याने विद्यापीठांना दोषी आढळलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करणे बंधनकारक केले आहे. माहितीसभेला जाण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाचा हा अहवाल उघडून वाचा. विद्यापीठात फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींचे कामकाज पाहणारे कार्यालय असते; तिथे जाऊन ती शाखा आज मान्यताप्राप्त आहे का, तिच्यावर पूर्वी कारवाई झाली होती का, हे विचारा. मान्यता काढून घेतल्यावरही काही गट चोरून सुरू राहतात, आणि सर्वांत मोठा धोका तिथे असतो.

गुप्त विधी आणि छळ यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न अनेकांना पडतो. प्रत्येक संघटनेचे काही विधी, खुणा आणि वचने बाहेर सांगायची नसतात आणि त्यात गैर काही नाही. पण तुम्ही कुठे आहात हे घरी कळवायचे नाही असे कुणी बजावले, फोन काढून घेतला, मध्यरात्री बोलावून पहाटेपर्यंत थांबवून ठेवले, किंवा ‘आम्हीही हे सोसले आहे’ एवढेच कारण दिले, तर ती विधीची गुप्तता राहिलेली नाही. त्याच क्षणी निघून या. कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आधी ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा, शाखेच्या नावाची चिंता नंतर. बाकी तक्रार डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयात करता येते. निघून आल्याने मैत्री तुटेल, ही भीती खरी असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणूनच प्रवेशाच्या काळात शाखेबाहेरचा एक मित्र, खोलीतला सोबती किंवा सल्लागार प्राध्यापक यांच्याशी दर आठवड्याला बोलण्याचा नेम ठेवा. अभ्यास, वर्ग किंवा झोप यांवर गदा येते आहे हे बाहेरच्या माणसाला आपल्या आधी दिसते.

आत आल्यावर

चांगल्या शाखेत प्रवेशाचा काळ शिकण्यात जातो. संघटनेचा इतिहास, लॅटिन अमेरिकेची आणि अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाची माहिती, सेवाकार्य, आणि ग्रंथालयात एकत्र बसून करायचा अभ्यास, असा तो क्रम असतो. एकत्र आत येणाऱ्यांच्या गटाला ‘लाइन’ म्हणतात, आणि या लाइनमधल्या सोबत्यांशी जडलेले नाते अनेकांच्या बाबतीत सर्वांत टिकाऊ ठरते. शेवटी नव्या सदस्यांचे जाहीर सादरीकरण होते. विद्यापीठाच्या चौकात किंवा सभागृहात ते एकमेकांत हात गुंफून, पुष्कळदा चेहरे झाकून, एका रांगेत पावले टाकत येतात, संघटनेचा इतिहास खणखणीत आवाजात म्हणतात आणि मग एकेक जण चेहरा उघडून आपले लाइनमधले नाव आणि क्रमांक सांगतो. गर्दीत आजी, काका, धाकट्या बहिणी उभ्या असतात. या पावलांची, तालाची आणि ‘स्ट्रोल’ची, म्हणजे रांगेने तालात चालत करायच्या नाचाची, परंपरा कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींकडून आलेली आहे, ज्यांतली अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलमध्ये स्थापन झाली. ते ऋण जाणून आणि तसे बोलून दाखवून नाचावे, एवढी सभ्यता प्रत्येक नव्या सदस्याने पाळावी.

सादरीकरणानंतरचे सत्र मात्र निसरडे असते. उत्साह ओसरतो, जॅकेट मिळालेले असते, आणि पुष्कळ जण केवळ समारंभांपुरते येऊ लागतात. यावर माझ्या पाहण्यात एकच उपाय टिकला आहे: लगेच एखादे छोटे पण नेमके काम मागून घ्या. खोल्यांचे आरक्षण, सभेचे इतिवृत्त, वर्गणीचा हिशेब, काहीही चालेल. फक्त ते तुमच्यावाचून अडणारे असावे. इतिवृत्त लिहिणारा मुलगा वर्षभरात मतभेद शब्दांत पकडायला शिकतो, आणि वर्गणी थकलेल्या मित्राशी त्याला न दुखावता बोलणे हे खजिनदाराइतके कुणालाच शिकावे लागत नाही.

सेवाकार्यही असेच निवडा, की ज्यात तुमचे स्वतःचे अनुभव उपयोगी पडतील. जवळच्या शाळेत बारावीच्या मुलांना फाफ्सा, म्हणजे संघीय शिक्षणसाहाय्याचा अर्ज, भरायला मदत करणे हे त्याचे उत्तम उदाहरण. संध्याकाळी मुलाची आई कामावरून थेट येते, पिशवीतून करविवरणाचे कागद काढते, आणि ‘घरात किती माणसे’ या रकान्यात सोबत राहणारी आजी धरायची का, हे स्पॅनिशमध्ये विचारते. दोन वर्षांपूर्वी तोच अर्ज स्वतःच्या स्वयंपाकघरात धडपडत भरलेला तरुण तिच्या शेजारी बसून नियम वाचून दाखवतो. अशा वेळी एक पथ्य कसोशीने पाळावे: कुणाच्याही कुटुंबाची कागदपत्रे किंवा स्थलांतराची स्थिती खोदून विचारू नये, आणि आपोआप कळलेली बाब बाहेर बोलू नये. शाखेतल्या मित्रांच्या बाबतीतही हेच लागू आहे.

आपलेपणाच्या आड येणारी एक गोष्ट फारशी उघडपणे बोलली जात नाही. लॅटिनो या एका शब्दाखाली मेक्सिकन, प्युर्तो रिकन, डोमिनिकन, साल्वाडोरन, कोलंबियन असे कितीतरी समाज येतात, आणि टेक्सासमध्ये चार पिढ्या राहिलेल्या घरातला मुलगा स्पॅनिश बोलतोच असे नाही. ज्याला ती येत नाही त्याला हसणाऱ्यांच्या बाकावर बसूनही परके वाटते. तुम्ही त्यांतले असाल तर हे पहिल्या काही भेटींतच सांगून टाका. ज्या शाखेत त्यावर टोमणा येतो ती तुमच्यासाठी नाही, आणि जिथे कुणीतरी ‘माझेही तसेच आहे’ म्हणतो तिथे थांबावे. तुम्ही लॅटिनो नसाल, भारतातून शिकायला गेलेले असाल, तरीही दार बंद नसते, कारण यांतल्या अनेक संघटना सर्व समाजांच्या विद्यार्थ्यांना सदस्य करून घेतात. मात्र जाताना त्या समाजाच्या प्रश्नांसाठी राबण्याची खरी इच्छा असू द्या, आणि पहिले वर्ष सल्ले देण्यापेक्षा ऐकण्यात घालवा.

पदवीच्या शेवटच्या वर्षी एक काम आवर्जून करा. लहान शाखा बहुधा भांडणाने मोडत नाहीत. जाणकार सदस्य एकाच वेळी पदवी घेऊन गेले आणि मागे काहीच लिहून ठेवले नाही, यामुळे त्या बंद पडतात. बँकखात्यावरचे सह्यांचे अधिकार वेळेत बदलून घ्या, विद्यापीठाच्या नोंदणीची मुदत आणि अर्ज कुठे मिळतो ते लिहून ठेवा, सल्लागार प्राध्यापकांची नव्या पदाधिकाऱ्यांशी समक्ष गाठ घालून द्या, आणि सत्र संपण्याच्या निदान दोन महिने आधी आपले पद सोडून उत्तराधिकाऱ्याच्या शेजारी बसा, म्हणजे त्याच्या शंका तुम्ही अजून त्याच आवारात असताना निघतील. गाव बदलले की तिथल्या माजी सदस्यांच्या शाखेत नाव नोंदवा आणि आपल्या जुन्या शाखेतल्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःहून फोन करून त्याचे इंटर्नशिपचे अर्ज तपासून द्या.