केनियात ख्रिस्ती बालवाडी सुरू करताना

केनियात बालवाडी काढू इच्छिणाऱ्या मिशनऱ्याने इमारतीआधी परवान्याचा विचार करावा. धार्मिक व धर्मादाय कार्यासाठी तेथे ‘आय’ (इंग्रजी I) वर्गाचा कामाचा परवाना असतो. जुन्या, नोंदणीकृत स्थानिक चर्चशी भागीदारी करूनच पुढे जाणे श्रेयस्कर. २०१० च्या राज्यघटनेने पूर्वप्राथमिक शिक्षण काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) सरकारांकडे सोपवले असल्याने जागा, स्वच्छतागृहे आणि नोंदणी यांविषयीची चौकशी काउंटीच्या शिक्षण कार्यालयात करावी.

वर्ग दोनच असतात: चार वर्षांच्या मुलांसाठी पीपी-१ (पीपी म्हणजे पूर्वप्राथमिक, ‘प्री-प्रायमरी’) आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी पीपी-२. राष्ट्रीय अभ्यासक्रमात ख्रिस्ती, इस्लामी व हिंदू असे धर्मशिक्षणाचे पर्याय आधीच असल्याने बायबलमधील गोष्टी आणि गाणी त्या तासिकेत सहज बसतात. मात्र किनारपट्टीवर मुस्लिम वस्ती मोठी असल्याने तेथे पालकांना शाळेचे स्वरूप प्रवेशापूर्वीच स्पष्ट सांगावे.

शिकवण्याचे काम परिसराची भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित स्थानिक शिक्षिकांकडेच द्यावे (परदेशी पाहुण्याने वर्गात मिरवण्याचा मोह आवरावा). त्यांचा पगार केवळ देणग्यांवर न ठेवता माफक शुल्कातूनही उभा करावा आणि सकाळच्या ‘उजी’ या पेजेचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलासोबत बंद खोलीत एकटी राहणार नाही, हा नियम पाहुण्या स्वयंसेवकांनाही लागू असावा.