लेहरा 80 चा हवा, 160 चा नको: गाण्यांचं बिऱ्हाड हलवताना

ठाण्याच्या नौपाड्यात तळमजल्यावरच्या एका हॉलमध्ये मी कथक शिकवते. माझ्या फोनमधल्या 61 प्लेलिस्टपैकी निम्म्या अशा होत्या की पाहुण्यांसमोर लावल्या तर पाहुणे चहा न घेता उठतील. तीनताल लेहरा, झपताल लेहरा, रूपक लेहरा. लेहरा म्हणजे नाचताना तालाचं आवर्तन धरून ठेवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून. एकच ओळ अर्धा-अर्धा तास. गेल्या दिवाळीत चिरंजिवांनी घरासाठी यूट्यूब म्युझिकचा फॅमिली प्लॅन घेतला आणि माझ्या स्पॉटिफायचे पैसे वेगळे कशाला, म्हणून मागे लागला. दोन महिने मी दाद दिली नाही. मग एका रविवारी सगळ्या प्लेलिस्ट स्पॉटिफायवरून यूट्यूब म्युझिकवर हलवायला बसले. एकाचे तीन रविवार झाले, त्यातला दीड माझ्याच घाईने वाया गेला.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एका ॲपवरून दुसऱ्यावर गाणी जात नाहीत, गाण्यांची यादी जाते. मधलं साधन तुमची यादी वाचतं, नव्या ॲपच्या कोठारात तीच नावं शोधतं आणि जे जुळलं असं त्याला वाटतं ते उचलून ठेवतं. फोनवर डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती कॉपी करून नेता येत नाहीत. तुम्ही काय किती वेळा ऐकलं, याचा हिशेबही मागेच राहतो.

म्हणून पहिलं काम, यादी आपल्या हातात घेणं. गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये बंद झालं, विंक 2024 मध्ये. यादी स्वतःकडे असेल तर अशा वेळी निदान आपलं काय होतं ते तरी कळतं. ट्यून माय म्युझिक, साउंडिझ ही साधनं ब्राउझरमध्येच चालतात. आयफोनवर साँगशिफ्ट आहे. कुठे न्यायचं हे विचारतात तिथे नव्या ॲपऐवजी फाइल निवडली की सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, मिळते. ती थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी नावांचा बऱ्याचदा भुगा दिसतो. घाबरू नका, गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा, अक्षरं जागेवर येतात. मी त्यात ‘लय’ नावाचा एक रकाना हाताने वाढवला आणि प्रत्येक लेहऱ्यापुढे मिनिटाला किती मात्रा, तो आकडा लिहिला. कंटाळवाणं काम होतं, पण पुढे त्यानेच तारलं.

(यूट्यूब म्युझिक सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांनी गूगल टेकआउटवर, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीवर, विसंबू नये. त्यात प्लेलिस्टच्या फाइलीत गाण्यांची नावं नसतात, व्हिडिओंचे सांकेतिक क्रमांक असतात. आणि ॲपल म्युझिकवरून यूट्यूब म्युझिकवर येणाऱ्यांनी आधी ॲपलच्या प्रायव्हसीच्या पानावर जावं, प्लेलिस्ट पाठवायची सोय तिथेच आहे.)

बिऱ्हाड हलवताना माळा झाडतो तसं इथेही झाडून घ्या. माझ्याकडे ‘नवीन’, ‘नवीन 2’ आणि ‘नवीन खरं’ अशा तीन प्लेलिस्ट निघाल्या, तिन्हींत तीच गाणी. 61 च्या 38 झाल्या. फुकटात किती गाणी नेता येतात याला मर्यादा असते. ट्यून माय म्युझिकवर 500, साउंडिझवर एका वेळी एक प्लेलिस्ट, तीही 200 गाण्यांपर्यंत. माझी 2,300 होती, म्हणून एका महिन्याचे पैसे भरले आणि भरले त्याच दिवशी पुढचं नूतनीकरण बंद केलं. आणखी एक, लाइक केलेली गाणी प्लेलिस्टमध्ये धरली जात नाहीत, ती वेगळी निवडावी लागतात. तिकडे पोचल्यावर सगळ्यांना आजचीच तारीख लागते, तेव्हा जुन्या-नव्याचा क्रम हवा असेल तर लाइकची एक साधी प्लेलिस्ट करून न्या.

मग सगळ्यात लहान प्लेलिस्ट घेऊन चाचणी करा. मी ती केली नाही. एका फटक्यात सगळं पाठवलं, पडद्यावर हिरव्या खुणा आल्या, मी खूश. मंगळवारी संध्याकाळी धाकट्या वर्गाला बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, तत्कार (पायांचे बोल) करायला सांगून लेहरा लावला. हवा होता 80 चा, वाजला 160 चा. मुली बिचाऱ्या पाय वाचवत धावायला लागल्या, एकीने तर खाली बसकण मारली आणि विचारलं, “ताई, आज परीक्षा आहे का?”

असं का होतं तेही सांगते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. दोन्हीकडे तोच क्रमांक असला तर जोडी बिनचूक लागते. तो मिळाला नाही की गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम आणि लांबी यांवर अंदाज बांधला जातो. लेहऱ्यांची नावं एकाच साच्यातली: राग, ताल, लय. कलाकार एक, अल्बम एक, लांबीही जवळजवळ सारखी. फरक काय तो शेवटच्या आकड्यात, आणि नेमका तोच निसटतो.

अभंग आणि भावगीतांचं दुखणं वेगळं. आपली नावं रोमन लिपीत लिहायची म्हणजे ज्याची त्याची तऱ्हा. विठ्ठलात कुणी एक टी घालतं, कुणी दोन. ज्ञानेश्वरांचा ज्ञ कुठे डी-एन-वाय, कुठे जे-एन. कलाकाराच्या जागी एकीकडे गायक, दुसरीकडे संगीतकार. आणि एकच अभंग भीमसेनजींच्या आवाजात दोन-तीन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत असतो. तुम्हाला पाच मिनिटांचा हवा असतो आणि मैफिलीतला बारा मिनिटांचा येऊन बसतो.

तेव्हा ‘सापडली नाहीत’ ही यादी तर बघाच, पण ‘सापडली’ ही जास्त बारकाईने बघा. न सापडलेलं गाणं निदान सांगून गैरहजर राहतं. मी फोनवर नवी प्लेलिस्ट आणि लॅपटॉपवर जुनी शीट समोरासमोर ठेवून आधी फक्त लांबी ताडली. दहा सेकंदांहून जास्त फरक दिसला तिथे लाल रंग. लेहरे मात्र एकेक करून वीस सेकंद ऐकले, टाळी देत. याला दुसरा उपाय नाही. चुकीचं गाणं काढून बरोबर शोधताना स्पेलिंग बदलून पाहा, अल्बमच्या नावाने शोधा, देवनागरीतही टाकून पाहा.

माझ्या गुरुजींच्या कॅसेटवरून केलेल्या फाइली कुठल्याच साधनाने गेल्या नसत्या, कारण त्या कुठल्या कोठारात नाहीतच. स्पॉटिफाय अशा फाइली तुमच्याच उपकरणावरून वाजवतं. यूट्यूब म्युझिकवर संगणकाच्या ब्राउझरमधून एक लाखापर्यंत गाणी चढवता येतात. चढवण्याआधी फाइलींना नीट नावं द्या. ‘साइड ए 3’ चार महिन्यांनी कुणाला आठवतं?

मग बारीकसारीक. क्रॉसफेड सुरू असेल तर बंद करा, दोन गाणी एकमेकांत मिसळली की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हातात राहत नाही. प्लेलिस्ट संपल्यावर आपोआप पुढचं वाजणंही बंद करा. डाउनलोड घरच्या वायफायवर पुन्हा करा. घणसोलीहून ट्रान्स हार्बरने येणारी माझी एक मुलगी गाडीतच हस्तकांची, म्हणजे हातांच्या हालचालींची, उजळणी करते, तिला नेटच्या भरवशावर राहून चालत नाही. जुन्या लिंका व्हॉट्सॲप ग्रुपवर दिल्या असतील तर नव्या पाठवा. मी विसरले, मुली महिनाभर जुनीच यादी वाजवत होत्या.

जुनं खातं लगेच बंद करू नका, एक महिना दोन्ही चालू ठेवा. मग मधल्या साधनाला दिलेली परवानगी दोन्ही खात्यांतून काढा. ॲप फोनवरून उडवलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत. आधी खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करा, नंतर यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेचा मॅन्डेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) दिसतोय का ते बघून तोही काढा. कापायच्या निदान 24 तास आधी सूचना येते. मला ती आली तेव्हा मी वर्गात होते, धमार तालाच्या चौदा मात्रा मोजत. मॅन्डेट रद्द केला आणि मोजणी परत एकपासून सुरू केली.