पावसाळ्यातली कार्डाची थकबाकी हंगामात कशी फेडायची

गोव्यात क्रेडिट कार्डाची थकबाकी चढते ती जून ते सप्टेंबरमध्ये. टॅक्सी अंगणात उभी असते, गेस्ट हाऊसच्या खोल्या रिकाम्या, हॉटेलात काम करणाऱ्यांच्या टिप्स आटलेल्या. नेमक्या त्याच महिन्यांत शाळेची फी, गाडीचा विमा आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते. घराला रंग, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, मुलांचे कपडे, पाहुणेरावळे, सगळं कार्डावर जातं. म्हापशात मी टॅक्सीवाल्यांचे आणि छोट्या गेस्ट हाऊसवाल्यांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो: "बाय, कमी व्याजाचं कार्ड कुठलं घेऊ?"

कार्डाचं नंतर बघू. आधी सध्या किती व्याज जातंय ते काढा. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये फक्त दोन आकडे असतात, एकूण बिल आणि किमान रक्कम, त्यामुळे मेसेजवर विसंबू नका. ईमेलवर आलेलं पूर्ण स्टेटमेंट उघडा आणि त्यात व्याजाचा मासिक दर शोधा. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर तो महिन्याला ३ ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास असतो. ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाला ३६ ते ४५ टक्के होतात. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो.

समजा, जुनी थकबाकी ६०,००० रुपये आहे आणि तुम्ही किमान रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे ३,००० भरले. उरले ५७,०००. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज झालं १,९९५, त्यावर जीएसटी ३५९. पुढचं बिल येतं सुमारे ५९,३५४ रुपयांचं. खिशातून ३,००० गेले आणि कर्ज उतरलं साडेसहाशेने, तेही मधल्या काळात एक रुपयाची खरेदी केली नाही असं धरून. किमान रक्कम कशी काढतात हे प्रत्येक कार्डाचं थोडं वेगळं असतं, पण परिणाम हाच. ती भरली की उशिराचा दंड टळतो, नाव खराब होत नाही, एवढाच तिचा उपयोग. व्याज थांबत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी म्हणतात ती सवलत मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच मिळते. थकबाकी पुढे ओढलीत की ती सवलत गेली. मग नवी खरेदीसुद्धा ज्या दिवशी केली त्या दिवसापासून व्याजात जाते. पेडण्याकडच्या एका टॅक्सीवाल्या काकांचं स्टेटमेंट मी त्यांच्यासमोर पेन घेऊन ओळीओळीने वाचलं. मोपा विमानतळाच्या फेऱ्यांचं पेट्रोल, दर दोन-तीन दिवसांनी २,००० रुपये. मागची थकबाकी उभी, म्हणजे यातल्या प्रत्येक दोन हजारांवर पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तीस दिवस राहिले तर ७० रुपये व्याज, वर जीएसटी, मिळून ८३ च्या आसपास. काका पेट्रोल कार्डाने भरत होते ते पॉइंट मिळतात म्हणून. पॉइंटची किंमत या ८३ रुपयांच्या जवळपासही जात नव्हती.

तेव्हा पहिलं काम हे: ज्या कार्डावर थकबाकी आहे ते घरी कपाटात ठेवा. पेट्रोल, किराणा, मासळी, सगळं रोख किंवा बँक खात्यातून. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही अॅपमधून काढा. क्यूआर कोड स्कॅन करून मासळीचे पैसे देताना पैसे खात्यातून गेले की कार्डावर चढले, हे घाईत कळतही नाही.

दुसरं, बिलाच्या शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. व्याज रोजच्या शिल्लक थकबाकीवर मोजलं जातं. टॅक्सीचे आणि टिप्सचे पैसे रोज थोडे थोडे हातात येतात, ते तसेच खर्चून जातात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येता ना? त्याच फेरीत बँकेत भरा आणि तिथल्या तिथे मोबाइलवरून कार्डावर टाका. रक्कम हजार-दीड हजार असली तरी चालेल.

आता व्याज कमी करण्याचं बघू. घरात कोणाच्या नावावर फिक्स डिपॉझिट आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. बऱ्याच घरांत असते. सहा-सात टक्क्यांची डिपॉझिट जपून ठेवायची आणि दुसरीकडे चाळीस टक्क्यांचं कर्ज ओढत राहायचं, यात रोज पैसे बुडतात. डिपॉझिट मोडा, किंवा तिच्यावर कर्ज घ्या. ते साधारण डिपॉझिटच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. घरी सांगायला संकोच वाटतो म्हणून लोक कार्डाचं व्याज भरत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. बायकोला, आईला सांगा. घराचा पैसा वाचतो आहे.

डिपॉझिट नसेल तर सोन्यावरचं कर्ज. वरच्याच ५७,००० वर वर्षाला १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ४७५ रुपये, आणि अशा साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. १,९९५ अधिक ३५९ शी ताडून बघा. फक्त मुदत अशी घ्या की परतफेड जानेवारी-फेब्रुवारीत येईल. पावसात मुदत संपली आणि पैसे नसले तर दागिना लिलावात जातो.

दोन्ही नसेल तर कार्डाच्या बँकेलाच फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागा, किंवा दुसऱ्या कार्डावर थकबाकी हलवायची योजना बघा. प्रक्रिया शुल्क किती, वर्षाचा दर किती, व्याजावर जीएसटी धरून हप्ता किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे चारही आकडे ईमेलवर मागवा. शेवटचा आकडा आपल्याकडे विशेष बघायचा, कारण डिसेंबरात पैसा आला की आपल्याला एकदम फेडायचं असतं.

कमी व्याजाचं कार्ड घ्यायचंच असेल तर जाहिरातीतल्या 'पासून' या शब्दापाशी थांबा. सर्वांत कमी दर निवडक ग्राहकांना मिळतो. तुमच्या नावावर कोणता दर लागणार ते लेखी घ्या, वार्षिक शुल्क विचारा. डिपॉझिटवर मिळणाऱ्या कार्डांचा दर बऱ्याचदा कमी असतो आणि उत्पन्नाचे कागद नसणाऱ्यांना ती सोपीही पडतात. महिन्याला दीड टक्का मिळाला तर ५७,००० वर जीएसटीसकट १,००९ रुपये होतात, म्हणजे निम्म्याहून कमी. तरीही ते सोन्यावरच्या कर्जाच्या दुप्पट आहे. एखाद-दुसऱ्या महिन्याची ओढाताण निभावायला हे कार्ड ठीक, वर्षभर कर्ज ठेवायला नाही. आणि कोणत्याही कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका. तिथे शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

बँक ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावूच शकत नाही, असा मेसेज अजून फिरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा तसा आदेश होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्या मेसेजच्या भरवशावर पैसे अडवून धरू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांतली एक सोय मात्र जरूर वापरा. बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागता येतं. हॉटेलचा पगार सातला होतो आणि बिल भरायची शेवटची तारीख पाच असेल तर दर महिन्याला दंडाची भीती कशाला? पंधराच्या आसपास घ्या.

नाताळ ते कार्निव्हल हा फेडण्याचा काळ. त्या दिवसांत दोन कार्डं असतील तर जास्त व्याजाच्या कार्डावर सगळा जोर लावा, दुसऱ्यावर किमान रक्कम भरत राहा. आणि पुढच्या चवथीचे पैसे जानेवारीपासूनच रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका. कार्ड रिकामं करून चवथीला पुन्हा भरलं तर फेडलेल्याचा उपयोग राहत नाही.

हप्ते खरोखरच थकले असतील तर फोन टाळू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा नियम आहे. शेजाऱ्यांसमोर अपमान करणं, धमकावणं यालाही मनाई आहे. कॉलची नोंद ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८. थोडे पैसे घेऊन प्रकरण मिटवू म्हणाले तर सही करण्यापूर्वी विचार करा. सिबिल या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि उद्या गाडीचं कर्ज घेताना तो आड येतो. शक्य तिथे हप्ते लांबवून पूर्ण फेडा. मग कार्ड बंद करायचा अर्ज द्या. थकबाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल, जो वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून खातं बंद दिसतंय का ते तपासा.