चार जणांत अल्बम ऐकायचा असेल, तर शेवटचा सूर संपल्यावर काय करावं

आमच्या घरी, इंदूरच्या राजेंद्रनगरात, गेली काही वर्षं महिन्यातून एका शनिवारी अल्बम ऐकायची बैठक होते. सहा ते आठ जण, एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग त्यावर बोलणं. अशा बैठका कशा कराव्यात याबद्दल खूप सल्ले मिळतात: प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायला सांगा, आधी कलाकाराची माहिती द्या, प्रश्नावली काढा. हे सगळं मी करून पाहिलं आहे. एकाही उपायाने माणसं बोलती झाली नाहीत. म्हणून जे खरंच कामाला येतं ते लिहिते.

उदाहरणासाठी एकच अल्बम धरते, म्हणजे नेमकेपणाने सांगता येईल: मित्स्कीचा ‘बी द काउबॉय’. मित्स्की ही जपानमध्ये जन्मलेली अमेरिकन इंडी रॉक गायिका. अल्बम ऑगस्ट 2018 चा आहे. माझी भाची तिची कट्टर चाहती, आणि तिच्याच हट्टाने आमच्या बैठका सुरू झाल्या.

अल्बम निवडणे

चाळीस मिनिटांच्या आतला घ्या. ‘बी द काउबॉय’मध्ये 14 गाणी आहेत आणि ती 32 मिनिटांत संपतात. पहिल्या बैठकीला याहून लांब नको.

मांडणी

दोन स्पीकर, कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून जितके लांब तितकेच ऐकणाऱ्यांपासून लांब. कोपऱ्यात किंवा जमिनीवर ठेवू नका.

ज्या फोनवरून वाजवणार त्यात अल्बम आधी उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. शफल बंद. गाण्यांची टोकं एकमेकांत मिसळणारी सोय असते, तीही बंद. आणि ऑटोप्ले आठवणीने बंद करा, कारण शेवटचं गाणं संपल्याबरोबर अ‍ॅप स्वतःच्या मनाने भलतंच काही लावतं आणि सगळ्या संध्याकाळीतली सर्वांत मोलाची शांतता तिथेच मोडते. बाकीचे फोन दुसऱ्या खोलीत.

खाणं नंतर. चहा आधी चालेल. सेव-परमलची, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांची, वाटी मात्र गाणी संपेपर्यंत स्वयंपाकघरातून हलू देऊ नका. हळू आवाजातलं गाणं चालू असताना परमल चावल्याचा आवाज काय करतो ते मी ऐकलं आहे.

एक शाळेची पाटी आणि खडू घ्या. गाणं सुरू झालं की यजमानाने त्याचा क्रमांक लिहून पाटी समोर धरायची. बोलायचं नाही, नाव सांगायचं नाही. प्रत्येकाजवळ कागद-पेन्सिल असू द्या.

गाण्याचे शब्द छापून वाटू नका. हे माझं ठाम मत आहे. कागद हातात आला की डोळे त्यावर जातात, आणि आपल्याकडे तर त्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात इंग्रजी कळलं की नाही याचीच परीक्षा सुरू होते. पहिल्या वेळी फक्त ऐकायचं. शब्द दुसऱ्या फेरीत.

गाणी संपल्यावरची पहिली दहा मिनिटं

बैठक इथेच जगते किंवा मरते. माझ्या पहिल्या तीन बैठका इथेच मेल्या.

पहिल्या खेपेला मी भाचीला म्हटलं, तुझी आवडती गायिका, तूच सुरुवात कर. तिला सगळं पाठ होतं. कुठलं गाणं कोणत्या मनःस्थितीत लिहिलं असेल, गायिका कुठेकुठे राहिली, पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने हा अल्बम 2018 चा सर्वोत्तम ठरवला होता, हे सगळं तिने मनापासून सांगितलं. ती बोलायची थांबली तेव्हा खोलीत कोणाकडे काही उरलं नव्हतं. शेजारचे काका, ज्यांनी ऐन तारुण्यात देवासला जाऊन कुमार गंधर्वांना, म्हणजे आमच्या कुमारजींना, ऐकलं आहे, ते “छान आहे हो” एवढंच म्हणून उठले. त्यांना पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. पण ज्या गोष्टीवर आधीच सर्वोत्तमचा शिक्का बसला, तिच्यापुढे साठीतल्या माणसाने काय बोलावं? भाचीला वाटलं, यांना कळलंच नाही. काकांना वाटलं, आपलं इथे काय काम. दोघंही दुखावले आणि चूक माझी होती.

दुसऱ्या खेपेला गुण दिले. सहा, सात, साडेसहा. आकडा सांगून झाला की माणूस मोकळा होतो, पुढे बोलायची त्याला गरजच वाटत नाही. गुणांचा नाद कायमचा सोडा.

तिसऱ्यांदा मी प्रत्येकाला विचारलं, का आवडलं, का नाही आवडलं? हा ‘का’ फार वाईट. त्याचं उत्तर देताना माणूस वकिली करायला लागतो. “मला नाही आवडलं” एवढं साधं बोलणं तो सिद्ध करायला बसतो, मग समोरचा ते खोडायला, आणि गाणं बाजूलाच राहतं.

आता जे करते ते असं. शेवटचा सूर विरला की दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. त्या दोन मिनिटांत प्रत्येकाने कागदावर एकच जागा लिहायची. जागा हा आपलाच शब्द आहे, आपल्या आजी-आजोबांचा. गवई एखाद्या ठिकाणी काही वेगळं करतो आणि आपल्या तोंडून नकळत “वा” निघतं, ती जागा. इथे “वा”च निघायला पाहिजे असं नाही. कान अडखळला, कंटाळा आला, चिडचिड झाली, तरी तीही जागाच. लिहायचं एवढंच: पाटीवर कितवा आकडा होता, गाण्याच्या सुरुवातीला की शेवटी, आणि तिथे आवाजात किंवा वाद्यात काय झालं.

मग बोलण्याचा क्रम. त्या कलाकाराला ज्याने कधीच ऐकलेलं नाही तो पहिला, आणि चाहता सर्वांत शेवटी. यात तडजोड करू नका. चाहत्याला वाईट वाटेल, वाटू द्या. ज्याला जास्त माहीत आहे तो आधी बोलला की इतरांचे कान त्याच्या माहितीमागे धावतात. ज्याला काहीच माहीत नाही त्याचे कान ताजे असतात, आणि चाहत्यालासुद्धा त्याच्याकडूनच काही नवीन मिळतं.

हे मला पटलं ते आत्यामुळे. माझी आत्या गाणं शिकलेली, सत्तरीची, रॉक संगीताशी तिचा काडीचा संबंध नाही. तिच्या कागदावर लिहिलं होतं: “नववं, शेवटाकडे. हिचा षड्ज हलतो.” षड्ज म्हणजे सा, गाण्याचा आधारस्वर. आम्ही नवव्या गाण्याचा शेवटचा भाग पुन्हा लावला. नाचता येईल असा ठेका चालू असतो, एकच शब्द पुन:पुन्हा येत राहतो, आणि शेवटाकडे सूर जिथे टेकलेला असतो ती जमीनच वर सरकते. पाश्चात्त्य गाण्यात हा नेहमीचा प्रकार आहे. पण ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला त्याला तो पायाखालून सतरंजी ओढल्यासारखा लागतो. आत्या म्हणाली, “शब्दांत ही एकटी आहे, आणि आता घरही हलवलं.” भाचीने ते गाणं किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. तिने मान वर केली आणि म्हणाली, “आत्याआजी, परत लावू?”

काकांना ते मान्य नव्हतं. षड्ज सोडला म्हणजे आधार सोडला, ही सोय झाली, गाणं वर न्यायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून केलेली, असं त्यांचं म्हणणं. आत्याचं म्हणणं, आधार सुटल्याचीच तर ती गोष्ट आहे. अर्धा तास हा वाद चालला, आणि तो त्या अल्बमबद्दलचा होता, एकमेकांच्या पिढीबद्दलचा नव्हता. मला हवी होती ती बैठक हीच.

तेव्हा कोणी “नाही आवडलं” म्हणालं की विचारा, “कुठे?” बस. ‘कुठे’चं उत्तर प्रत्येकाकडे असतं. ती जागा पुन्हा वाजवा. वीस-तीस सेकंद, पूर्ण गाणं नाही. पूर्ण गाणं लावलं की गप्पा फुटतात.

कोणी “फार उदास आहे” असं म्हणून थांबलं, तर आणखी एक प्रश्न: उदास काय आहे, आवाज, चाल की शब्द? मित्स्कीच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तिच्या चाहत्यांमध्ये ‘दुःखी मुलींची गायिका’ हे बिरुद इतकं फिरलं आहे की लोक ऐकायच्या आधीच उदास होऊन बसतात. नवव्या गाण्याची चाल अजिबात उदास नाही. पहिल्या गाण्यात ध्रुवपद असं नाहीच, ऑर्गनवर सुरू होऊन ते नुसतं चढत जातं. आणि अल्बमभर आवाज बहुतांशी एकटा ठेवला आहे. पॉप गाण्यांत गायकाचाच आवाज दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित करून खाली घालतात, म्हणजे तो जाड वाटतो. इथे ते टाळलं आहे, अंधाऱ्या रंगमंचावर कोणी एकटं गातंय असं वाटावं म्हणून. भावगीतावर वाढलेल्या आमच्या मंडळींना हा एकटा आवाज लगेच जवळचा वाटला. उदासपणा असलाच तर तो तिथून येतो, असं काका स्वतःहून म्हणाले.

चरित्र कधी

सगळ्यांच्या जागा बोलून झाल्यावर. त्याआधी गायिकेच्या आयुष्याबद्दल एक शब्द निघू देऊ नका. चाहत्यांची सर्वांत मोठी खोड ही आहे: प्रत्येक गाणं म्हणजे तिची डायरी. ‘बी द काउबॉय’मधली माणसं कल्पित आहेत, हे कथेसारखं लेखन आहे. शेवटचं, चौदावं गाणं शाळेच्या जिमखान्यात पुन्हा भेटलेल्या, वय झालेल्या दोन प्रेमिकांचं आहे. अल्बम आला तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांचीही नव्हती. डायरी कशी असेल?

हे भाचीला समजावताना काकांनीच कुमारजींचं उदाहरण दिलं. 1948 मध्ये ते देवासला आले, क्षयाने काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परत गायला लागले तेव्हा त्यांच्या तुटक, छोट्या, झेपावणाऱ्या ताना ऐकून लोक म्हणायचे, फुप्फुस गेलं ना, म्हणून असं गातात. काका म्हणाले, “असं म्हणणारे त्या ताना ऐकायचेच थांबले होते. त्यांना कारण सापडलं होतं.” भाची गप्प बसून ऐकत होती. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

मग माहिती सांगा, आणि त्या वेळी चाहत्याला मनसोक्त बोलू द्या. मित्स्की संगीतरचना शिकली, तिचे पहिले दोन अल्बम विद्यार्थी असताना केलेले आहेत, हे तेव्हा ऐकायला सगळ्यांना आवडतं, कारण तोवर प्रत्येकाकडे स्वतःचं काही जमलेलं असतं. आत्याने लगेच विचारलं, “शिकलेली आहे ना? तरीच षड्ज असा जपून हलवला.”

दुसरी फेरी

आता शब्द. पूर्ण अल्बमचे नकोत. ज्या दोन-तीन गाण्यांवर वाद झाला त्यांचा आशय एकाने मराठीत तीन-चार वाक्यांत सांगावा. ओळीला ओळ लावून भाषांतर करू नका, गाणं त्यात हमखास निर्जीव होतं. आणि मग ती गाणी पुन्हा ऐका. काही जण या फेरीत मत बदलतात. बदललं तर का बदललं हे विचारू नका, कुठे बदललं ते विचारा.

मत लिहून ठेवणे

एक वही ठेवा, तारीख आणि अल्बमचं नाव घाला, प्रत्येकाने दोन वाक्यं लिहायची. आधी जागा, मग तिथे काय घडलं, आणि शेवटी स्वतःला काय वाटलं. हा क्रम उलटा झाला की “अप्रतिम”, “जबरदस्त”, “काळजाला भिडलं” एवढंच उरतं, आणि वर्षभराने वही उघडली तर कोणतं गाणं होतं हेही आठवत नाही. भाची आता इतर चाहत्यांशी बोलतानाही याच क्रमाने बोलते. तिचं म्हणणं, भांडणं निम्मी झाली.

मग सेव-परमल बाहेर काढा. भूक जास्त असेल तर सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार उशिरापर्यंत उघडा असतो.

पुढचा अल्बम

आजचा अल्बम ज्याला सर्वांत कमी आवडला, त्याने पुढचा निवडायचा. मित्स्कीनंतर तो मान काकांकडे गेला, आणि त्यांनी कुमारजींचं ध्वनिमुद्रण आणलं. नियमाप्रमाणे काका शेवटी बोलणार होते आणि भाची पहिली. पाटी तिच्याच हातात होती. ख्यालाला गाण्यांचे क्रमांक लागू पडत नाहीत, तिथे पाटीवर मिनिटं लिहावी लागतात. दर दोन मिनिटांनी आकडा बदलायचा, आणि खडूचा आवाज होऊ नये म्हणून ओलं बोट वापरायचं.