स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा जबाब घेताना या चुका टाळा

‘काकानं मारलं.’ एवढ्यावर सख्ख्या चुलत्याचं नाव लिहून मोकळं होणं, ही सर्वांत घातक चूक. कोल्हापुरात रिक्षावाला, दुकानदार, शाळेचा शिपाई, सगळेच काका-मामा. म्हणून ‘काका म्हणजे कोण? त्यांच्याबद्दल सांग’ असं विचारा. नावांचे पर्याय पुढे ठेवू नका. समोरच्याला बरं वाटावं म्हणून बौद्धिक दिव्यांग व्यक्ती त्यातलं एखादं उचलते, अनेकदा शेवटचं.

वेळेचंही तसंच. आपला ‘परवा’ मागचाही असतो नि पुढचाही. तारखेचा आग्रह धरला की भलताच आकडा येतो आणि उलटतपासणीत तोच अख्खा जबाब पाडतो. ‘त्या दिवशी आणखी काय झालं?’ असं विचारा. जोतिबाची यात्रा, शाळेची सुट्टी अशी खूण त्या व्यक्तीनं स्वतः काढली तर तोच धागा धरा. आपण खूण पुरवू नका.

‘तुला मारलं’ हे स्वमग्न मुलाच्या तोंडी ‘मला मारलं’ असू शकतं किंवा तुमच्याच प्रश्नाचा प्रतिध्वनी. ‘कुणाला?’ विचारा, वाक्य मात्र जसंच्या तसं लिहा. ‘सदर इसमाने मारहाण केली’ हे त्याचे शब्द नव्हेत. ‘हात लावला का?’ला ‘नाही’ आलं, तर काठीनं डिवचलेलं असू शकतं. शब्दशः ते उत्तर खरंच आहे. नजर न देणं, मध्येच हसणं यावरून खोटेपणा ठरवू नका.

नुसतं ‘हो, हो’ येतंय? मग प्रश्न हो-नाहीचे आहेत. ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि मनात दहा अंक मोजा. तोच प्रश्न पुन्हा विचारलात तर पहिलं उत्तर चुकलं असं समजून उत्तर बदलतं.

लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरणासह नोंदवायची असते. कलम 183 खालचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा चित्रित जबाब सरतपासणीच्या (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलानं कोर्टात घ्यायच्या पहिल्या साक्षीच्या) जागी धरला जातो, त्यामुळे तिथली चूक थेट खटल्यात जाते. विशेष शिक्षकाला आधीच भेटा: खुणा, चित्रं, कोणता आवाज सहन होत नाही, सगळं विचारून घ्या. त्यांनी संवाद पोचवायचा, उत्तर द्यायचं नाही. आईनं मुलाचा हात धरून अक्षरतक्त्यावर बोट फिरवलं, तर ते उत्तर मुलाचं म्हणून लिहू नका.